उघाडीच्या फळ्या

आमच्या घरी एक पलंग आहे, पण त्याला फळ्या नाहीत. भिंतीला टेकवलेली चौकट बघून पाहुणे विचारतात, सुताराला बोलावलंय का? आई हो म्हणते. खरं सांगायची तिला लाज वाटते. मला नाही वाटत, म्हणून लिहितेय.

भाईंदर पूर्वेला खाडीच्या अंगाला आमचं जुनं गाव. आता तीन बाजूंना टॉवर आहेत. चौथ्या बाजूला विहीर, तिच्या पुढे पडीक मिठागर, मग मातीचा बांध आणि पलीकडे खाडी. त्या बांधात उघाडी होती, म्हणजे पाणी सोडायची वाट. दोन्हीकडे दगडात खाचा, त्या खाचांत सागाच्या फळ्या, फळ्यांच्या मध्ये पेंढा आणि चिखल. भरतीला लावायच्या, ओहोटीला काढायच्या. त्याने पावसाचं पाणी बाहेर जायचं आणि खारं आत यायचं नाही.

फळ्यांची पाळी असते. एका होळीपासून दुसऱ्या होळीपर्यंत एक घर. ज्याची पाळी त्याने उधाण सांभाळायचं. अमावास्या-पौर्णिमेला त्या घरात कोणी लग्नालासुद्धा बाहेरगावी जायचं नाही. एवढं सगळं त्या एका विहिरीसाठी. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही आलं तर. पण विहीर गोडी होती आणि गावाने कधी टँकर बघितला नव्हता.

मग प्रकल्पवाले आले. मिठागरावर लोक रात्रीतून भराव टाकत होते, तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, मरत होती. बांध उघडून भरतीचं पाणी आत घेतलं की तिवरं परत उभी राहतील, असं त्यांचं म्हणणं. चूक नव्हतं. गावाशी बोलायला त्यांनी मला पुढे केलं, कारण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मीच. बी.कॉम. आहे. मी हे मिरवते आणि मिरवणारच.

सभेत मी सरळ बोलले, "तिवरं आम्हालाही हवीत, खेकडे-चिंबोऱ्या तिथेच मिळतात. पण आधी विहिरीभोवती आतला बांध घाला. तो झाला की मग उघाडीच्या फळ्या काढा."

प्रकल्पाचे साहेब म्हणाले, "ऑफकोर्स मॅडम, पाण्याचं आधी." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी पाळी आमची होती. एका संध्याकाळी साहेबांचा माणूस घरी आला. "काका, उद्या सकाळी फळ्या काढून ठेवा. उद्घाटन आहे."

बाबा म्हणाले, "आतला बांध कुठं हाय?"

"पुढच्या महिन्यात काम चालू होतंय."

"मंग फल्या पन पुढच्या महिन्यान न्या."

तो हसला. "काका, पाहुण्यांची तारीख पुढच्या महिन्यात नाही मिळत."

बाबांनी फळ्या काढल्या नाहीत. सकाळी जेसीबीने उपटल्या. नंतर बाबांना मंडपात बोलावून शाल दिली, गावाचा सहभाग म्हणून. मी साहेबांना सभेतल्या बोलण्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी समजून घ्या." शिकलेली आहे म्हणूनच समजलं होतं.

पौर्णिमेचं उधाण आलं. दुसऱ्या दिवशी आईने विहिरीच्या पाण्याचा चहा ठेवला आणि दूध नासलं. तिने पातेलं घासून पुन्हा ठेवला. पुन्हा नासलं. मग पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली. "गेली," म्हणाली. आमच्याकडे माणूस गेलं की असंच म्हणतात.

तिवरं आली, हे मान्य करते. गुडघ्याएवढी झालीत. फ्लेमिंगोही येतात, टॉवरवाले गॅलरीतून फोटो काढतात. त्यांनाही पाणी पुरत नाही, ते टँकर आणतात, मला दिसतं. आता त्यांच्या टँकरमागे आमचा टँकर उभा असतो. साहेबांकडे आतल्या बांधाचं काम अजून मंजुरीतच आहे, असं ऐकतो.

शेवटी तो बांध गावानेच घातला. रविवारी-रविवारी, कामावरच्या सुट्टीला, प्रत्येक घराने आपल्या वाट्याची माती टाकली. पावसाचं पाणी जायला त्यात छोटी उघाडी ठेवली, जुन्या मापाची. आता फळ्या हव्या होत्या.

फळ्या खाडीकाठच्या नव्या माहिती केंद्रात होत्या. पॉलिश करून, स्क्रूने भिंतीला ठोकलेल्या, खाली पाटी: 'पारंपरिक जलव्यवस्थापन'. मी बाबांबरोबर गेले. बाबांनी हात लावला तर वॉचमन म्हणाला, "चाचा, छूना मना है."

"आरे, माज्या पालीच्या हायत त्या."

"तो फोटो खींच लो ना."

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, अर्ज करा, वस्तू आता केंद्राच्या मालकीची आहे. अर्ज केला. अमावास्या चार दिवसांवर आली होती.

बाबा घरी आले आणि पलंगावरची गादी उचलून खाली टाकली. सागाचा पलंग, आईच्या लग्नातला. बाबा वितीने फळ्या मोजायला लागले.

"आता निजाचं कुठं?" आई म्हणाली.

"खाली. खाली जमीन न्हाय?"

फळ्या थोड्या लांब होत्या, कापाव्या लागल्या. त्या अमावास्येला खारं पाणी आतल्या बांधाला लागलं आणि परत गेलं. विहिरीतलं आधीचं खारेपण मात्र तसंच आहे. दोन-तीन पावसाळ्यांत गोडी येईल, असं बाबा म्हणतात. आई रोज सकाळी थोडं पाणी चाखते आणि मान हलवते. मग आम्ही हंडे घेऊन टँकरकडे जातो.

होळीला पाळी बदलली. शेजारचे काका फळ्या ताब्यात घ्यायला आले. आईने विचारलं, "पलंगाच्या फल्या परत कवा देनार?"

काका म्हणाले, "वयनी, पाली फिरून तुमच्या घरा येल तवा."

गावात घरं किती, हे आईला पाठ आहे. पलंगाची चौकट उचलून तिने भिंतीला टेकवली.