साऱ्या खोऱ्याच्या बंदुकांची जामीनदार

विजयालक्ष्मीने उभ्या जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही. गडहिंग्लजला असताना तिने एकच बंदूक जवळून पाहिली होती, बँकेच्या दारातल्या वॉचमनची. तो स्टुलावर बसून पेंगायचा, बंदूक भिंतीला टेकून पेंगायची, आणि तिचा पट्टा सुतळीने बांधलेला असायचा. बाकी असतील तर त्या बड्या बागायतदारांकडे. निवडणूक आली की त्याही पोलीस ठाण्यात जमा. अशा गावची ही बाई, आणि आज आयर्लंडात, डोनेगलच्या डोंगरातल्या एका खोऱ्यात, निम्म्या घरांतल्या बंदुका हिच्या शब्दावर आहेत. कसं झालं ते सांगायला हवं.

नवरा देवदत्त लेटरकेनीच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये. रक्त तपासतो. लेक अनुष्का तेव्हा दुधाच्या दातांची होती. विजयालक्ष्मीने इकडच्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि खोऱ्यातल्या औषधाच्या दुकानात कामाला लागली. दुकानाची मालकीण म्हातारी गॅलाहरबाई. ती थकली तेव्हा तिने विजयालक्ष्मीच्या हाती तीन गोष्टी सोपवल्या: दुकान, दुकानातलं मांजर आणि गिऱ्हाइकांची गुपितं. कुणाला कसल्या गोळ्या, कुणाची झोप उडालेली, कुणाची बायको कशाने रुसलेली. विजयालक्ष्मीने तिन्ही नीट सांभाळली. मांजर तर फारच सुटलं.

पुढे एकेक दार बंद होत गेलं. बँक गेली. पोस्ट गेलं. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा गेली. पोलीस चौकी आठवड्यातून एका सकाळी उघडायची, तीही पाऊस जोरात नसला तर. पाद्रीबाबांना तीन गावं वाटून दिली, ते लग्न-मयताला दिसले तर दिसले. सगळं डब्लिनला ठरायचं, आणि खोऱ्याला बातमी पेपरातून कळायची. लोक चिडायचे, दोन शिव्या द्यायचे, चहा ओतायचे.

आता तिकडची रीत अशी, की दर काही वर्षांनी बंदुकीचा परवाना नवा करून घ्यावा लागतो, आणि हा माणूस बरा आहे असं सांगणारी दोन प्रतिष्ठित माणसं लागतात. आधी ती असायची पाद्रीबाबा आणि मास्तर. ते दोघे गेल्यावर प्रतिष्ठित म्हणून उरलं कोण? पांढऱ्या कोटातली विजी. विजयालक्ष्मी हे नाव खोऱ्याला पेललं नाही, म्हणून विजी.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती कागद घरी घेऊन आली. देवदत्त म्हणाला, "अगं, कशाला सही करतेस? उद्या त्याने कुणाला उडवलं तर?"

"तो पॅकी आहे हो," ती म्हणाली. "कोंबडी सरकवतानासुद्धा 'एक्सक्यूज मी' म्हणतो."

हा पॅकी बॉइल. सत्तरी उलटलेला, एकटा, डोंगरावर मेंढरं. ती त्याला आधी 'मिस्टर बॉइल' म्हणायची, तेव्हा तो म्हणाला, "मिस्टर बॉइल माझे वडील. ते वर दफनभूमीत आहेत, तिकडे हाक मार." दर शुक्रवारी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचा, व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर कुत्री बसलेली, आणि काउंटरवर अंडी ठेवून जायचा. अंडी ठेवता ठेवता डब्लिनचा उद्धार. त्याचं ठरलेलं वाक्य होतं: "एक दिवस बंदूक घेऊन डब्लिनला जाणार, विजी, आणि त्या मंत्र्याच्या ढुंगणात असे छरे भरणार, की तो पाच वर्षं उभ्याने कारभार करील."

"आधी प्रेशर मोजू दे," विजयालक्ष्मी म्हणायची.

पॅकी डब्लिनला आयुष्यात एकदाच गेला होता, आणि त्याही वेळी गाडी कुठे लावायची ते न कळून जेवणाआधी परत फिरला होता.

यंदा हिवाळ्यात तालुक्याच्या गावी नवा सार्जंट आला. नोलन त्याचं नाव, डब्लिनचा, तरणाबांड, नीटनेटका. त्याच सुमारास आवई उठली की बंदुकांचे नियम कडक होणार, शेतकऱ्यांनी बंदुका गावातल्या कोठारात ठेवायच्या आणि लागेल तेव्हा मागून आणायच्या. पॅकी म्हणाला, "छान. कोल्ह्याला सांगतो, बाबा थांब जरा, मी गावात जाऊन येतो."

परवाने नवे करायची वेळ आली आणि सार्जंट नोलन स्वतः एकेका जामीनदाराला भेटायला निघाला. कामाचा माणूस, त्यात वाईट काही नाही. दुकानात आला, टोपी काढली, पॅकीबद्दल विचारलं. दारू? बेताची. एकटेपणा? कुत्री आहे. रागीट आहे का?

विजयालक्ष्मीच्या बापाने तिला एकच शिकवण दिली होती: पोलिसासमोर खरं ते बोलावं आणि मोकळं व्हावं. ती मोकळी झाली. "राग म्हणाल तर डब्लिनचा आहे," ती हसत म्हणाली, आणि मंत्री, छरे, उभ्याने कारभार, सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. वर सार्जंटला चहा आणि दोन खारी दिल्या. सार्जंट हसला नाही. त्याने लिहून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी पॅकी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

काउंटरवर मदतीला नूला म्हणून बाई आहे, खोऱ्यातलीच. ती दोन दिवस गप्प राहिली, म्हणजे बघा. मग म्हणाली, "विजी, पॅकीचा परवाना अडकला. बंदूकही नेली. म्हणे मंत्र्याला मारायची धमकी दिली."

विजयालक्ष्मीच्या हातातला डबा तसाच राहिला. "पण ते तर तो नेहमीच म्हणतो!"

"तेच तर. नेहमी म्हणतो म्हणून कुणी ऐकत नाही. तू ऐकलंस! इकडचं बोलणं म्हणजे इकडचा पाऊस गं. पडतो, आणि जातो. तू तो बादलीत धरून सार्जंटला दिलास."

"गोळ्या कुठून घेतो तो?"

"लेटरकेनीहून. डोंगर ओलांडून जातो. आणि ऐक, मेंढ्या व्यायला लागल्यात. कोल्ह्याला काय, तो बंदूक नाही हे वासावरून ओळखतो. पॅकी म्हणतोय, बंदूक नाही मिळाली तर सगळा कळप ईस्टरनंतर बाजारात काढणार. आजोबांपासूनचा कळप."

त्या दिवशी विजयालक्ष्मीने एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध द्यायचं तर डोक्याला लावायचं दिलं. नूलाने वेळेवर पाहिलं म्हणून बरं.

संध्याकाळी लेकीचा फोन. अनुष्का डब्लिनला, ब्लँचर्डस्टाउनला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र तिकडच्या इंग्रजीत. तिच्या घरामागे रोज एक कोल्हा येतो. तिने त्याचं नाव बिस्किट ठेवलंय, आणि त्याचे फोटो आईला पाठवते, जसे लोक नातवंडांचे पाठवतात.

"मॅम, सिरियसली? तू बंदुकांसाठी माणसांची हमी देतेस? बंदुका कमी झाल्या तर ग्रँडच की."

"अगं, पण कोकरं..."

"बिस्किट तर काही करत नाही कुणाला."

"तुझं बिस्किट चिकनचे तुकडे खातं, बाळा. पॅकीचे कोल्हे कोकरं खातात. एवढाच फरक."

फोन ठेवल्यावर देवदत्त म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सही करू नकोस."

"सही केली म्हणून नाही हो बिघडलं," विजयालक्ष्मी म्हणाली. "तोंड उघडलं म्हणून बिघडलं."

दुसऱ्या दिवशी तिने पॅकीच्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि गाडी वर डोंगराकडे काढली. पॅकी कुंपणाशी उभा होता, हातात पत्र्याचा जुना डबा आणि काठी. रात्र रात्र तो डबा बडवत फिरत होता म्हणे. डोळे लाल. गवतात एक कोकरू पडलं होतं. कोल्ह्याने पोट फाडलेलं, आणि वर राखी कावळ्यांनी डोळे टिपलेले. विजयालक्ष्मीने एकदाच पाहिलं आणि नजर वळवली.

"गोळ्या आणल्यात," ती म्हणाली.

"आभारी आहे."

ते 'आभारी आहे' तिला शिवीपेक्षा लागलं. पॅकीने तिला कधी आभारी आहे म्हटलं नव्हतं. अंडी ठेवायचा.

"पॅकी, माझं चुकलं."

"तू खरं तेच सांगितलंस. खरं सांगणाऱ्याला कोण काय बोलणार?" तो डब्यावर काठी घासत राहिला. मग इतकंच म्हणाला, "रविवारी हॉलमध्ये सभा आहे, त्या नव्या नियमाबद्दल. ये हवं तर. माझ्यासारखे किती आहेत ते तरी मोजून घे सार्जंटसाठी."

कुत्री मात्र येऊन तिचा हात चाटून गेली.

रविवारी दुपारी सगळं खोरं हॉलमध्ये जमलं. कौन्सिलरबाई खुर्चीत. शेवटच्या रांगेमागे, दाराशी, सार्जंट नोलन टोपी काखेत धरून उभा. बोलणारे एकावर एक. एकजण म्हणाला, डब्लिनला आमचं मटन हवं, आमचा डोंगर हवा सेल्फीला, फक्त आम्ही नकोत. दुसरा म्हणाला, संसद एकदा इथे आणून चिखलात रुतवावी. तिसरी, कमरेत वाकलेली म्हातारी, म्हणाली की नियम करणाऱ्याला ती स्वतःच्या हाताने स्लरीच्या, म्हणजे शेणामुताच्या, खड्ड्यात बुडवणार, आणि वर झाकण ठेवणार. टाळ्या पडल्या. ही म्हातारी स्वेटर विणून हॉस्पिटलातल्या बाळांना पाठवायची.

विजयालक्ष्मी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिला गडहिंग्लजचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तिची आई, चुलीपुढे, हातात उलथनं.

ती उठली. असल्या सभेत ती कधी बोलली नव्हती. हॉल गप्प झाला, कारण कुणी काय घेतं ते सगळं ठाऊक असलेल्या बाईसमोर माणूस आपोआप गप्प होतो.

"माझी आई," ती म्हणाली, "रोज संध्याकाळी मला सांगायची, तंगडं मोडून हातात देईन. मी उशिरा आले की. भांडी नाही घासली की. धाकट्या भावाला तर ती रोज जिवंत गाडायची. तो आता पुण्यात आहे, चांगला जाडजूड." हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. "आणि माझी तंगडी ही बघा. दोन्ही आहेत."

आता सगळेच हसले. ती सार्जंटकडे वळली.

"सार्जंटसाहेब, मी तुम्हाला पॅकीचे शब्द दिले. पॅकी दिलाच नाही. माझ्या आईचं बोलणं कुणी असं लिहून नेलं असतं, तर ती बिचारी जन्मभर तुरुंगात राहिली असती. आमच्याकडे ज्याच्यावर खरा राग असतो, त्याच्याशी आम्ही बोलतच नाही. पॅकी इतकी वर्षं मंत्र्याबद्दल बोलतोय, म्हणजे तो बरा आहे. गेले दोन शुक्रवार तो माझ्याशी बोलला नाही. ती खरी काळजीची गोष्ट. ते लिहा."

पॅकी पुढच्या रांगेत होता. त्याची मान लाल झाली.

सार्जंट नोलनने टोपी ह्या काखेतून त्या काखेत घेतली. "माझी आजी मेयोची, अशाच खेड्यातली," तो हळूच म्हणाला. "ती म्हणायची, कातडं सोलून कुंपणावर वाळत घालीन. आम्ही नातवंडं तिला सोडून घरी जायचं म्हटलं की रडायचो." मग पुन्हा पोलीस झाला. "निकाल माझ्या हातात नाही. उद्या माझ्या वरच्या साहेबांकडे या आणि हेच सांगा."

सोमवारी दुकान कधी बंद नसतं. त्या सोमवारी होतं. मांजर काचेआडून लोकांकडे बघत बसलं. विजयालक्ष्मी साहेबांपुढे तंगडीसकट सगळं पुन्हा बोलली. साहेबांनी पॅकीच्या डॉक्टरांनाही विचारलं, आणि त्या आठवड्याच्या शेवटी बंदूक डोंगरावर परत गेली. कोठाराचा नियम व्हायचा तो होवो, ते भांडण अजून चालूच आहे. खोरं दर महिन्याला सभा भरवतं आणि डब्लिनला शिव्या घालतं, तब्येती छान आहेत.

शुक्रवारी काउंटरवर अंडी होती. पॅकीने आभार वगैरे काही मानले नाहीत. विजयालक्ष्मीला हायसं वाटलं.

ईस्टरला अनुष्का आली. पॅकीने तिला एक पोरकं कोकरू बाटलीने पाजायला दिलं. कोकराची आई कोल्ह्याशी झुंजताना जखमी होऊन मेली होती. पोरगी तासभर चिखलात बसली. उठताना म्हणाली, "बिस्किटला मी खायला देणारच. सांगून ठेवते."

"दे की," पॅकी म्हणाला. "भरपूर दे. फक्त त्याला डब्लिनलाच ठेव. मी तुमच्याकडून एवढंच मागतो."

पॅकी मटन घेऊन आला होता, तेव्हा विजयालक्ष्मीने तांबडा रस्सा केला, तिच्या आईसारखा, तिखटाला हात आखडता न घेता. पॅकीने पहिला घोट घेतला. मान लाल झाली, मग कान, मग डोळ्यांतून पाणी. टेबल धरून तो कसाबसा म्हणाला, "ह्याला परवाना कुणी दिला? विजी, तुला गोळी घालीन मी!"

देवदत्त हसला. अनुष्का हसली. विजयालक्ष्मीने पॅकीच्या वाटीत आणखी एक पळी ओतली.

"आधी वाटी संपव," ती म्हणाली, "नाहीतर तंगडं मोडून हातात देईन."