माझ्या गालातल्या पेशी

आठवीला गालातल्या पेशींचा प्रयोग असतो, आणि तो सगळ्यात सोपा. दात कोरायची काडी घ्यायची, तिच्या बोथट टोकानं गाल आतून हलकेच खरवडायचा, निघालेलं काचपट्टीवर फासायचं, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शीखाली बघायचं. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शी एकच, त्याचाही आरसा मी चिकटपट्टीनं बसवलाय. तरी पेशी दिसतात. एकवीस वर्षं मी हा प्रयोग घेतोय. पोरं आपापल्या गालातलं काढतात आणि मी बाजूला उभा राहून सूचना सोडतो.

गेल्या वर्षी पहिल्या बाकावरची एक पोरगी अडून बसली. "सर, तुमी घ्या ना तुमच्या गालातलं. आमची तोंडं तर रोजच बघता."

वर्ग खिदळला. मीही हसलो. म्हटलं, चला, होऊन जाऊ द्या. काडी उचलली, आ केला, काडी आत घातली आणि ती गालाकडं वळेचना. तोंडात तेवढी जागाच नव्हती. जोर लावला तर कानापाशी कळ आली.

"सर, आ करा की नीट."

"केलाय," मी म्हणालो.

पोरगी खाली बघत म्हणाली, "आमच्या चुलत्यांचं असंच झालं हुतं."

"मग?"

"मग वारले ते."

मी तिच्यावर खेकसलो. आगाऊपणा करू नकोस म्हणालो, काडी तिच्याच हातात दिली आणि प्रयोग तिच्या गालावर उरकला.

आता सांगायलाच बसलोय तर अर्धवट कशाला? मी मावा खातो. नगर जिल्ह्यातल्या माणसाला मावा म्हणजे काय ते विचारावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या कागदात घालून चांगला घोटलेला. वर्गात मिश्रणाचं उदाहरण विचारलं की आमची पोरं मीठ-पाणी सांगत नाहीत, मावा सांगतात. समांगी की विषमांगी? "विषमांगी, सर. सुपारी येगळी दिसती." उत्तर बरोबर असतं, मार्क द्यावे लागतात.

शाळेच्या फाटकावर तंबाखूमुक्त शाळेची पाटी आहे. त्याच्या आत तंबाखू विकायची नाही म्हणून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारायची होती, ती मीच मारली, नववीच्या पोरांना टेप धरायला लावून. माव्याची टपरी रेघेच्या आत येत होती. टपरीवाल्यानं ती थोडी मागं सरकवली, म्हणजे माझीच चाल तेवढी वाढली. मधल्या सुट्टीत फाटकातून निघायचं, टपरीवर जायचं, परत फाटकात यायचं. अंतर दोनशे यार्ड, विस्थापन शून्य. हे गणित मी नववीला घातलं तेव्हा मागून आवाज आला, "सर, ही वस्तू म्हंजी तुमीच ना?" मी म्हणालो, वस्तू कोण का असेना, तू उत्तर काढ! प्रार्थनेनंतर तंबाखूमुक्तीची शपथही मीच देतो. गालात माव्याचा बार भरलेला असतो, त्यामुळं आवाज जरा घोगरा येतो, आणि कारटी मुद्दाम तशाच घोगऱ्या आवाजात शपथ म्हणतात.

तर त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत एकटाच थांबलो. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. माझ्यात एक गेलं, दुसरं अडकलं. मास्तरची खोड, व्हर्नियर कॅलिपर काढून दातांमधलं अंतर मोजलं. एकोणीस मिलिमीटर. पुन्हा मोजलं, तेवढंच. मग काडी मोडून अर्धी केली आणि कशीबशी गालाला घासली. आग आग झाली. काचपट्टी तयार करून डोळा लावला. पेशी होत्या, निळ्या, केंद्रकासकट, अगदी धड्यातल्या चित्रासारख्या. त्यातली कुठली धड आणि कुठली बिघडलेली, मला काही म्हणजे काही कळेना. विषय माझा, गाल माझा, आणि मी आपला ठोंब्यासारखा बघत बसलो. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा उठलो.

बायकोला सांगायची गरजच पडली नाही. वर्षभर मी भाकरी दुधात कुस्करून खात होतो, ठेचा सोडला होता, हे तिला दिसत होतंच. तिनंच मला नगरला नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं रिपोर्ट आला तेव्हा म्हणाल्या, "पेशी बदलायला लागल्यात, सर. कॅन्सर नाही. अजून नाही. पण मावा आजपासून बंद. एक पुडीसुद्धा नाही."

"बंद केला तर वाचतील ना?" बायकोनं विचारलं.

"वाचायची शक्यता खूप वाढेल. नाही केला तर मी काही सांगू शकत नाही."

मी बंद केला. अकरा दिवस. बडीशेप खाल्ली, लवंगा चघळल्या, घाम फुटला. फळ्यावर बलाचं सूत्र लिहिता लिहिता विसरलो. घरात ताट सरकवलं, शेजाऱ्याशी भांडलो, मुख्याध्यापकांना नको ते बोललो. बायको म्हणायची, होऊ द्या, चार दिवसांचं हाय.

बाराव्या दिवशी ती पहिल्या बाकावरची पोरगी प्रयोगवही घेऊन आली. "सर, मला केंद्रक एका बाजूला दिसलं हुतं. चित्रात मधीच काढायचं का, का दिसलं तसं काढू?"

इतका चांगला प्रश्न वर्षाकाठी एखादाच येतो. आणि माझा हात उठला. फाडकन तिच्या गालावर बसला. एकवीस वर्षांत मी कुणाचा कानसुद्धा पिळला नव्हता हो! वही खाली पडली. तिनं ती उचलली आणि जागेवर जाऊन बसली. मला वर्गात उभं राहवेना.

संध्याकाळी माफी मागायला तिच्या घरी गेलो. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती चुलतीपाशी राहते. चुलतीनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी म्हणालो, माझं चुकलं, तुमच्या पोरीला मी मारलं.

"सांगितलं तिनं," चुलती म्हणाली. "म्हनली, सर मावा सोडायलेत, म्हनून मारलं. आमच्या मालकांनी बी सोडला हुता एकदा, मला लई मारायचे. मग मीच म्हनलं, खावा बाबा. ती चूक झाली माझी. तुमी मारा सर, पर सोडा."

पोरगी दाराआड उभी होती. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली. होय म्हणून. चहा तसाच ठेवून मी उठलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, चुलती काय म्हणाली तेही. ती पायात चपला सरकवून बाहेर पडली. आमच्या दारातून टपरी दिसते. आमच्या गावात बाईमाणूस टपरीवर उभं राहत नाही. ही जाऊन उभी राहिली. बाकड्यावरची माणसं उठली. टपरीवाल्यानं दोनदा विचारलं असावं, कारण तिला मोठ्यानं सांगावं लागलं, "एक पुडी द्या. सरांची."

आली, आणि पुडी माझ्या पुढ्यात ठेवली.

"डॉक्टर काय म्हणाल्या, ठाऊक हाय ना तुला?"

"तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक हाय."

"मग हे काय?"

"त्या लेकरानं का सोसायचं?" ती म्हणाली. "लोकाच्या लेकीनं मार खायचा आन् तुमी बरं व्हायचं, असलं बरं होणं मला नको. आन् तुमी मेलेलं बी नको. मी काय करू, सांगा! तुमीच सर हायेत ना, तुमी सांगा." आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, उठावं, पुडी बाहेर फेकावी, तिच्या खांद्यावर हात ठेवावा. ती पोरगी डोळ्यांपुढं येत होती. डॉक्टरीणबाई येत होत्या. सगळं कळत होतं मला, एकूण एक कळत होतं.

मी पुडी सोडली आणि बार भरला. खरं सांगतो, लई बरं वाटलं.