यादीपेक्षा मोठं कार्ड

काल नव्या मिक्सरचं खोकं उघडलं आणि थर्माकोलच्या वासाने नौपाड्यातलं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवलं. नातीने शिकवण्या घेऊन पैसे साठवलेले, गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडायला. त्या दिवशी तिची परीक्षा होती, म्हणून तिने लिहिलेली यादी घेऊन मीच गेले. आता मी बाई कोथिंबीर घेतली तरी वर चार मिरच्या मागणारी, इथेही विचारलं, “एवढं सामान घेतेय, वर काय देणार?” दुकानदार म्हणाला, “आजी, पॉवर सप्लाय साधा घ्या, ग्राफिक्स कार्ड यादीपेक्षा मोठं देतो.” चित्रं दाखवणारं कार्ड मोठं, आणि वीज पुरवणारा डबा तेवढा साधा, म्हणजे आपला फायदाच की. मी रिक्षातून मिरवत घरी आले. नातीने खोकी यादीशी ताडून पाहिली. “अगं आजी, हे कार्ड मागेल तेवढी वीज हा डबा देणार नाही. खेळता खेळता बंद पडेल. सगळं एकमेकांना झेपेल असंच घ्यायचं असतं गं.” “पण मोठं आहे ना?” मी आपली तेच तेच. दुसऱ्या दिवशी दोघी परत गेलो. दुकानदार आठ्या घालून म्हणाला, “आजींनीच तर मागितलं,” तशी नात म्हणाली, “दादा, माझंच ठरत नव्हतं, आजीचं काही नाही. यादीतलंच द्या.” मी चपलांकडे बघत उभी. मोठं कार्ड वाईट कसं, हे मला अजून नीट उमजलेलं नाही. हा मिक्सर घेताना मात्र वर काही मागावं की नाही, तेच ठरेना, आणि मी न मागताच घरी आले.