जास्तही नापासच

"नाही" म्हणायला मीनाक्षी करंदीकरांना कधी जड गेलं नाही. नोएडातल्या एका एक्स्पोर्ट कंपनीत त्या इन्स्पेक्टर होत्या. परदेशी जाणारे टॉवेल आणि चादरी मोजायच्या, वजन करायचं, खोट सापडली की कारखानदाराच्या तोंडावर "रिजेक्ट" म्हणायचं, हे त्यांचं काम. त्र्याण्णव साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, शाळेतली शिवणाची नोकरी सोडून त्यांनी हे काम धरलं, तेव्हा मयूर विहारच्या सोसायटीतली मराठी मंडळी हळहळली होती. बाई महिन्यातले पंधरा दिवस हॉटेलात राहणार, आणि तेही पानिपतला! मराठी माणसाचं तिथे काय झालं ते ठाऊक आहे ना, असं एकाने विचारलंही. बाई म्हणाल्या, "ते उपाशी लढले. मी जेवून जाईन." पुढे हे बोलणं त्यांच्याच अंगाशी येणार होतं. यजमान सूर्यकांतराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. त्यांनी फाईलवर शेरा मारावा तसं "हरकत नाही" म्हटलं आणि ते कुकर लावायला शिकले.

पानिपतात तीन वर्षं बाई कोणापुढे नमल्या नाहीत. तिथे लाला हरबंसलालांचा कारखाना मोठा. एकदा त्यांच्या टॉवेलचं वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं. चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅमचा करार, भरले पाचशे. बाईंनी सगळा माल बाजूला काढायला लावला. सत्तरीच्या लालाजींनी कपाळाला हात लावला.

"मैडमजी, ज्यादा दिया है, कम तो नहीं दिया!"

"ज्यादा भी रिजेक्ट. साढे चार सौ मतलब साढे चार सौ."

अति तिथे माती, हे लालाजींना मराठीत कोण सांगणार? ते महिनाभर ही गोष्ट ज्याला त्याला सांगत फिरले, निम्मे रागाने आणि निम्मे कौतुकाने.

शहाण्णवच्या सप्टेंबरात कंपनीने फर्मान काढलं: टूरवर जाणाऱ्याने सरकारी डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला आणावा. सोसायटीतल्याच डॉक्टर कुमुद हिंदूराव या सरकारी इस्पितळात होत्या. बाई त्यांच्याकडे गेल्या आणि रक्तात साखर निघाली. उपाशीपोटी दोनशे चाळीस. वजन तीन वर्षांत बारा किलोंनी चढलेलं.

"मीनाक्षी, गोळी देते आणि तीन महिने देते," कुमुदताई म्हणाल्या. "डिसेंबरअखेर साखर उतरली नाही, तर 'टूरसाठी अयोग्य' असं लिहीन. शेजार बाजूला ठेवून लिहीन."

ऑफिसात मॅनेजर होता अंशुमन. वय बत्तीस, टाय कडक, बोलणं मऊ. "मॅम, आप डेस्क ले लीजिए ना. एसी है, घर का खाना है. आराम कीजिए." डेस्क म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेल्या मालाचे कागद फायलीला लावणं. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार भिंतींतून एकदा बाहेर पडलेलं माणूस पुन्हा फायलींच्या भिंतीत कशाला जाईल?

घरी सूर्यकांतरावही तेच म्हणाले. "सोड ना ते हिंडणं. सुखाचा जीव दुःखात कशाला?"

"अहो, दुःखात मला तिथल्या पुऱ्यांनी घातलंय. पुऱ्या सोडते. पानिपत सोडणार नाही, बिल्कुल नाही."

पुढच्या टूरला बाईंच्या बॅगेत ज्वारीचं पीठ, मेतकुटाची बाटली आणि भाजलेले चणे आले. जी.टी. रोडवरच्या त्यांच्या हॉटेलात नाश्ता म्हणजे बटाट्याचे पराठे आणि वर लोण्याचा गोळा. बाई सरळ भटारखान्यात घुसल्या. आचारी श्यामसिंह गढवालचा. गिऱ्हाईक आत आलेलं पाहून तो गडबडला. बाईंनी पदर खोचला, परातीत पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली.

"मैडम, ये तो हमारे पहाड की मंडवे की रोटी जैसी है!" गावाकडच्या नाचणीच्या भाकरीच्या आठवणीने श्यामसिंह हरखला. त्या दिवसापासून बाईंची भाजी बिनतुपाची, भाकरी एक, आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. सकाळी त्या हॉटेलच्या गच्चीवर चाळीस फेऱ्या मारायच्या. खाली ट्रकवाले माना वर करून बघायचे. बघू देत.

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. दोनशे पंचवीस! बाईंना रडू फुटायचंच बाकी राहिलं. एवढं करूनही पालथ्या घड्यावर पाणी?

राहिलं होतं ते दुपारचं जेवण, आणि ते कारखान्यात. तिथे पाहुण्याला उपाशी पाठवणं म्हणजे घराण्याला बट्टा. बाईंना वाटे, आपण तिथेही जपूनच खातो. एका संध्याकाळी त्यांनी श्यामसिंहाला सगळा क्रम सांगितला. दोनच पोळ्या घेते. पानात काही टाकत नाही, कारण तशी आईची, सांगलीच्या गिरिजाबाईंची, सक्त शिकवण. आणि जेवण आटोपलं हे कारखानदाराला कळावं म्हणून शेवटी थोडा दहीभात मागते. आपल्याकडे ताकभात-दहीभात झाला की वाढणारा पुढच्या पानाकडे वळतो.

श्यामसिंह हसत सुटला. "मैडम, दही-चावल से कौन समझेगा कि आप उठ रही हैं? वो तो समझे, मैडम को चावल पसंद है! और आप थाली एकदम साफ कर देती हैं. इधर खाली थाली मतलब पेट में अभी जगह है. थोडा छोडोगे, तब परोसने वाले का हाथ रुकेगा."

बाई स्टुलावर बसून राहिल्या. म्हणजे आपण ताट पुसायचं, त्यांनी भरायचं. आपण "झालं" म्हणून दहीभात मागायचा, त्यांनी पुढच्या खेपेला पुलावाचा डोंगर मांडायचा. तीन वर्षं! त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लगेच रागही आला.

दुसऱ्या दिवशी एका कारखान्यात त्यांनी अर्धी पोळी पानात टाकली. आई समोर बसून बघते आहे असं वाटलं. साऱ्या आयुष्यात केलं नव्हतं ते पाप. पण मनाशी त्या म्हणाल्या, आई, नको असलेलं अन्न पानात टाकलं काय आणि पोटात टाकलं काय, टाकलंच ना! वाढणाऱ्याचा हात खरोखर थांबला.

खरी लढाई डिसेंबरात झाली. परदेशी गिऱ्हाईक आलं होतं, अंशुमन बरोबर होता, आणि लालाजींच्या कारखान्यात लांबलचक पंगत मांडली होती. लालाजी स्वतः वाढत होते. बाईंनी एक पोळी, भाजी, काकडी खाल्ली, अर्धी पोळी ठेवली आणि हात आवरला. लालाजींनी तरीही दोन पुऱ्या टाकल्या, वाटीत खीर ओतली. बाईंनी बोट लावलं नाही.

"बेटी, मेरे हाथ का परोसा छोड दिया?" लालाजींचा आवाज दुखावलेला होता. "मुलतान से आए थे, तब दो दिन भूखे रहे थे हम. तब से मेरे यहाँ से कोई कम खाकर नहीं उठा."

अंशुमन कानाशी कुजबुजला, "मॅम, प्लीज, आज खा लीजिए. बडा ऑर्डर है."

बाईंना लालाजींच्या फाळणीतल्या भुकेची कणव आली. खरंच आली. पण पुरी काही उचलली नाही.

"लालाजी, वो टॉवेल याद है? साढे चार सौ की जगह पाँच सौ वाला?"

"भूलूँगा कैसे?"

"मेरे पेट का भी वही करार है. तीन साल आप लोगों ने पाँच सौ भरा और मैंने चुपचाप पास किया. गलती मेरी. अब ज्यादा भी रिजेक्ट."

अंशुमनने डोळे मिटून घेतले. लालाजींनी पळी भांड्यात ठेवली आणि ते गिऱ्हाइकाकडे वळले.

महिनाअखेरीला साखर एकशे अठ्ठावीस भरली. कुमुदताईंनी दाखल्यावर सही ठोकली. बाईंनी तो अंशुमनच्या टेबलावर ठेवला. "सोमवारचं पानिपत बुक कर दीजिए. वही हॉटेल."

सोमवारी दुपारी लालाजींच्या कारखान्यात त्यांच्यापुढे ताट आलं: पोळी एक, कारल्याची भाजी, डाळीची वाटी, काकडी. भात नाही, खीर नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा बाईंनी निर्धास्तपणे जेवायला सुरुवात केली. शेवटचा घास वाटी पुसून घेतला आणि ताट लख्ख केलं, अगदी गिरिजाबाईंना दाखवावं इतकं. वाढपी पोळ्यांची टोपली घेऊन वाकला, तोच लालाजींनी त्याचं मनगट धरलं.

"रुक जा. साढे चार सौ हो गया."

बाईंनी हात धुतले, डोळ्यांना पदर लावला आणि त्या माल तपासायला उठल्या. त्या दिवशी लालाजींच्या तीन पेट्या नापास झाल्या.