सहा खिडक्या आणि एक टॉर्च

माझ्या नणंदेने चौतीस वर्षं अंधारात नोकरी केली. इस्पितळाच्या एक्स-रे विभागाला पूर्वी एक डार्करूम असे. काढलेल्या फिल्म तिथे रसायनाच्या टाक्यांत बुडवायच्या, धुवायच्या आणि वाळत घालायच्या. खोलीला खिडकी नाही, दाराला फट नाही, आणि उजेड म्हणाल तर भिंतीवरचा एक मिणमिणता लाल दिवा. पांढऱ्या उजेडाची तिरीप आत शिरली की कोणाच्या तरी मोडक्या हाडाचा फोटो काळाठिक्कर पडलाच. वन्सं म्हणतात, त्या खोलीत माणसाचे हात डोळ्यांपेक्षा शहाणे होतात. कात्री डावीकडे, चिमटे तिच्या शेजारी, झाकणं उजवीकडे. वस्तू जागेवरून वीतभर सरकली, तर सरकवणाऱ्याची धडगत नसे.

मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. तिच्यावर एकदा ठोकलं तर चहा तयार आहे, दोनदा ठोकलं तर भांडण तयार आहे.

निवृत्त झाल्यावर वन्संनी इस्पितळाची जुनी रुग्णवाहिका लिलावात घेतली. सगळे खो खो हसले. शेजारी चष्म्यांचं दुकान असलेले चष्मेवाले तर म्हणाले, "लोक तिच्यातून सुटायला धडपडायचे, तुम्ही आपणहून जाऊन बसलात!" वन्संनी तिकडे लक्ष दिलं नाही. आत दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी आणि पंप बसवला, आणि पत्रा कापून एकेका बाजूला तीन तीन अशा सहा खिडक्या काढून घेतल्या. सुतार म्हणाला, "बाई, कपाटाला जागाच उरली नाही." वन्सं म्हणाल्या, "चौतीस वर्षं कपाटातच होते मी. खिडक्या कर."

या घरगाडीतून आम्ही दोघी सात सहली केल्या. सातव्या सहलीत तळ्याकाठी संध्याकाळी गाडीतले दिवे गेले. वन्संनी फोनचा दिवा लावला, फोनने चार मिनिटांत मान टाकली, आणि पायरी चुकून वन्संचं मनगट मोडलं. त्यांचाच एक्स-रे त्यांनी उजेडावर धरून पाहिला आणि "फोटो छान आलाय" असा शेरा मारला. पण माझा भाचा, म्हणजे वन्संचा मुलगा, मुळीच हसला नाही.

भाचा लिफ्टचा तपासनीस आहे. हातात फॉर्म असल्याशिवाय तो जेवायलाही बसत नाही असं त्याची बायको सांगते. गाडी कागदोपत्री त्याच्या नावावर, कारण नोंदणीच्या रांगेत तो उभा राहिला होता. मनगटाचं प्लास्टर निघालं त्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "आई, गाडी विकतोय. गिऱ्हाईक बघितलंय. येत्या रविवारी चार वाजता येणार."

"कोण गिऱ्हाईक?"

"कुत्र्यांना घरपोच अंघोळ घालतो. त्याला टाकी आणि पंप असलेली गाडी हवीये."

वन्संनी मोकळं झालेलं मनगट दोनदा फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या सहा खिडक्यांतून आता ओली कुत्री बाहेर बघणार?"

"आई, दिवे गेले तर तुला काही सुधरत नाही. परत पडलीस म्हणजे?"

"मला? अंधारात? मला सुधरत नाही?" त्यांचा आवाज असा चढला की भिंतीपलीकडे माझी मांजर उठून बसली असणार. "साहेब, परीक्षा घ्या माझी. अंधार करा, दिवे बिघडवा. दहा मिनिटांत लावून दाखवते. नाही जमलं तर ने तुझी गाडी आणि घाल कुत्र्यांना अंघोळ!"

भाच्याने फॉर्म काढला. रविवारी तीन वाजता परीक्षा, एकच टॉर्च सोबत नेता येईल, असं ठरलं. जाताना त्याने टेबलावर एक टॉर्च ठेवला. मनगटाएवढा जाड, चार्ज करायचा, चार प्रकारे पेटणारा. "हा घे. सगळ्यात भारी आहे."

"नवस फेडल्यासारखा काय देतोस? माझा टॉर्च मी निवडीन," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी दुकानदाराला दोन तास उभं केलं. तो बिचारा प्रत्येक खोक्यावरचं वाचून दाखवी. "हा बघा, अर्धा किलोमीटर उजेड जातो."

"मला अर्ध्या किलोमीटरवरचं काही शोधायचं नाही. माझं सगळं डाव्या खणात असतं. पडला तर फुटतो का?"

"नाही हो बाई."

"पाडून दाखवा."

त्याने पाडून दाखवला, आणि तो फुटला. वन्सं त्याला म्हणाल्या, "तुम्ही माणूस खरे आहात," आणि दुसरे तीन घेतले. भाच्याचा धरून चार झाले. त्यांना आम्ही नावं ठेवली. भाच्याचा तो पैलवान. डोक्याला पट्ट्याने बांधायचा तो खाणवाला. पांढरा आणि लाल असे दोन उजेड देणारा, नाजूक बांध्याचा, तो लाल्या. आणि एक साधा स्टीलचा, एकच बटण असलेला, पेन्सिल सेलवर चालणारा, त्याचं नाव मास्तर.

वन्संच्या अडगळीच्या खोलीला खिडकी नाही. दाराखाली घोंगडी सारली की भर दुपारी डार्करूम तयार. तिथे आठवडाभर परीक्षा चालल्या. मी वही घेऊन स्टुलावर बसे आणि लिहून घेई. टॉर्च कमरेच्या उंचीवरून तीनदा टाकायचा. बादलीत बुडवायचा. साबणाच्या हाताने बटण लागतं का पाहायचं. मग नवे सेल घालून, किंवा पुरता चार्ज करून, चालू ठेवायचा आणि तासातासाला जाऊन बघायचं. पैलवान खोक्यावर बारा तास सांगत होता, साडेतीन तासांत मावळला. शिवाय बटण दाबलं की उजेड, परत दाबलं की कमी उजेड, परत दाबलं की लुकलुक, मग संकटात सापडल्याची खूण, आणि पाचव्यांदा बंद. वन्सं म्हणाल्या, "विझवायला गेलं की हा आधी आरडाओरडा करतो. बाद."

मास्तर एकोणीस तास जळला आणि बादलीत बुडवल्यावरही बादलीच्या तळाशी शांतपणे उजेड पाडत बसला. त्याची नेमणूक घरासाठी, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर, लगेच झाली.

गाडीसाठी मात्र वन्संचं मन लाल्यावर बसलं. त्यांची रीत अशी, की दार लावून वीस मिनिटं अंधारात गप्प बसायचं. "डोळे मुरू द्या वहिनी. मग खरं दिसतं." वीस मिनिटांनी खाणवाल्याचा पांढरा उजेड पेटवला की त्या कळवळून डोळ्यांवर हात घेत. "अंगावर आल्यासारखा येतो मेला!" आणि लाल्याचा लाल उजेड लावला की चेहरा असा निवळे, जणू माहेरच्या अंगणात येऊन बसल्या. मी एकदा म्हटलं, "वन्सं, दिवे जातात तेव्हा आपण वीस मिनिटं आधी अंधारात बसलेलो नसतो."

"म्हणून तर लाल उजेड. डोळे बिघडतच नाहीत. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही खिडकीतल्या, उजेडातल्या बाई."

लाल्याच्या उजेडात मी त्याची नोंद लिहिली तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. मी शीर्षकाखाली पट्टी धरून लाल शाईची रेघ मारते, शाळेपासूनची सवय. त्या दिवशी रेघ मारली आणि ती कागदावर उमटलीच नाही. परत मारली. तरी नाही. बाहेर येऊन पाहते तो दोन रेघा एकीखाली एक. वहीत मी लिहिलं: "रेघ दिसत नाही. डोळे तपासून घ्यावेत." आणि चष्मेवाल्यांकडे मंगळवारची वेळ घेतली. शहाणपणा बघा माझा.

रविवार उजाडला. भाच्याने गॅरेजचं शटर खाली ओढलं, गाडीच्या सहाही खिडक्यांना पुठ्ठे लावले आणि फ्यूजच्या डबीत जळका फ्यूज बसवून ठेवला; त्यातच सव्वातीन वाजले. गाडीचे हे फ्यूज नखाएवढे असतात, दोन पायांचे, पारदर्शक प्लास्टिकचे, आत एक बारीक तार; ती तुटली की फ्यूज गेला. किती वीज झेपेल त्याप्रमाणे प्रत्येकाचा रंग वेगळा. आमच्या दिव्यांना, पंख्याला आणि पंपाला मिळून पिवळा लागतो.

"वेळ सुरू!" भाचा म्हणाला. वन्सं लाल्या घेऊन आत गेल्या, आणि मी मागच्या दारापाशी कान लावून उभी.

सुरुवात तर देखणी होती. पायरी, दांडा, डावा खण, सगळं त्यांच्या हातांना पाठ. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी डबी उघडली, एकेक फ्यूज उपसून लाल्यासमोर धरला, एक डोळा मिटून एक्स-रेसारखा पाहिला आणि आतून हाक आली, "सापडलं! हाड मोडलंय याचं!" भाच्यालाही हसू आवरलं नाही. चौथ्या मिनिटाला सुट्या फ्यूजमधला एक निवडून त्यांनी बसवला, आणि दिवे लागले.

"बरं. आता पंखा आणि पंप," भाचा म्हणाला.

पंखा फिरला, पंप घुरघुरला, आणि दोन-चार सेकंदांत सगळं परत गुडुप.

वन्सं बाहेर आल्या. शटर वर गेलं. त्यांनी उजेडात तळहात उघडला. तळहातावरचा फ्यूज पिवळा नव्हता. लालभडक होता, पिवळ्याच्या निम्मी ताकद असलेला.

"पण मी पिवळाच घेतला होता," त्या हळूच म्हणाल्या. मग हातातल्या लाल्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि माझ्या वहीतल्या त्या दोन रेघा माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"वन्सं, लाल उजेडात लाल दिसतच नाही! माझी रेघसुद्धा गेली होती."

"लाल, पिवळा, पांढरा, सगळं एकच दिसतं," वन्सं म्हणाल्या. "आणि हे मला ठाऊक होतं हो! चौतीस वर्षं ठाऊक होतं. पण तिथे काम काळ्या-पांढऱ्याचं. रंग लागला कधी?"

साडेतीन वाजले होते. भाच्याने फॉर्मवर पेन टेकवलं. त्यालाही ते लिहवत नव्हतं, एवढं मात्र दिसत होतं. "आई, दहा मिनिटं झाली."

वन्संनी वाद घातला नाही. त्या घरात गेल्या आणि एक जुनी जाड वही घेऊन आल्या. डार्करूममध्ये वाया गेलेल्या प्रत्येक फिल्मची त्यांनी त्यात नोंद ठेवली होती, शेवटच्या रकान्यात कारण. बाकीचे तंत्रज्ञ सरसकट 'रोगी हलला' लिहीत, कारण रोगी काही वही वाचायला येत नाही. वन्संच्या वहीत पानोपानी 'माझी चूक' आहे. त्यांनी ताजी तारीख टाकली, 'लाल टॉर्चने फ्यूजचा रंग ठरवला' असं लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात तेच दोन शब्द.

वही मिटून त्या म्हणाल्या, "फिल्म वाया गेली की आम्ही रोग्याला एकदा परत बोलवायचो. एकदाच. तुझी लिफ्ट तपासणीत नापास झाली तर लगेच भंगारात देतोस का रे?"

"नाही. दुरुस्ती करून फेरतपासणी."

"मग दुरुस्ती झाली," वन्सं म्हणाल्या, आणि खाणवाला कपाळाला बांधला.

भाचा काही क्षण आईच्या कपाळाकडे बघत राहिला. मग त्याने शटर ओढलं आणि आत जाऊन परत एक जळका फ्यूज कुठेतरी बसवून आला. "वेळ सुरू."

या वेळी दोन्ही हात मोकळे होते आणि जिकडे डोकं तिकडे उजेड. आतून त्यांची बडबड ऐकू येत होती. "अंगावर ये मेल्या, ये, हवा तेवढा ये." सहाव्या मिनिटाला दिवे लागले. न सांगता पंखा लागला. पंप लागला. वन्संनी शेगडीवर आधणसुद्धा ठेवलं.

भाचा तपासायला पैलवान घेऊन आत शिरला. बाकाखालची वायर पाहायला त्याने बटण दाबलं, पैलवान एकदा लुकलुकला, एकदा संकटाची खूण केली आणि गेला. गुरुवारी मावळल्यापासून त्याला कोणी चार्जच केलं नव्हतं. दचकून भाच्याच्या हातातली गाडीची किल्ली बाकाखाली घरंगळली.

"आई, जरा इकडे उजेड."

वन्संनी डोकं वाकवलं. भाचा जमिनीवर पालथा पडून हात घालत होता.

"जरा डावीकडे. आई, मान हलवू नकोस ना!"

"रोगी हलला," वन्सं म्हणाल्या.

तेवढ्यात गॅरेजच्या शटरवर टकटक झाली. चार वाजले होते. भाच्याने शटर वर केलं. कुत्र्यांना अंघोळ घालणारे गृहस्थ दारात उभे होते, आणि समोर भर उन्हात कपाळावर दिवा लावलेल्या सत्तरीच्या बाई. गृहस्थ एक पाऊल मागे सरले.

"गाडी बघायला आलो होतो. विकायची आहे ना?"

वन्सं फक्त कपाळावरचा दिवा मुलाच्या तोंडावर रोखून उभ्या राहिल्या. भाचा डोळे मिचकावत म्हणाला, "माफ करा हं, गाडी नाही विकायची. फेरतपासणीत पास झाली."

गृहस्थ भले होते. चहा पिऊन गेले, आणि जाताना खाणवाला कुठल्या दुकानात मिळतो ते विचारून गेले. ओल्या कुत्र्याला धरायला दोन्ही हात लागतात म्हणे.

खाणवाला आता गाडीत डाव्या खणात पहिल्याच जागी असतो. त्याला आणि मास्तरला एकाच जातीचे सेल लागतात, म्हणून सुट्या सेलची एकच डबी पुरते. लाल्या माझ्याकडे आला. मी पुस्तक वाचायला वापरते, पण रेघा दिवसाच मारते. चष्मेवाल्यांची मंगळवारची वेळ मी रद्द केली. पैलवान भाचा परत घेऊन गेला, चार्ज करतो म्हणाला.

आणि घरगाडीच्या दाराला आतून एक फॉर्म चिकटवलेला आहे, लिफ्टमध्ये असतो तसाच, सही-शिक्क्यासकट. तपासणी समाधानकारक. क्षमता: दोन व्यक्ती. पुढील तपासणी: एक वर्षाने. तो चिकटवताना वन्संनी विचारलं होतं, "दोन व्यक्ती म्हणजे कोण कोण?"

"तू आणि मामी," भाचा म्हणाला. "तू चालवायची, मामीने लिहून घ्यायचं."

बुधवारी सकाळी भिंतीवर एकदा ठोकल्याचा आवाज आला. चहासाठी गेले तर वन्संच्या घराला कुलूप, आणि गाडीचं इंजिन चालू. सहाही खिडक्या उघड्या होत्या. चहा थर्मासमध्ये होता.