कोरी ओळ

पालमच्या कचेरीतला टायपिस्ट सुटीच्या दिवशी आमच्या वस्तीत यायचा. नामांतराच्या दंगलीत घरं जळालेल्यांचं बोलणं टेप करायचा आणि घरी ऐकून शब्दाला शब्द टाइप करायचा. जे ऐकू येत नसे त्याची जागा कोरी सोडायचा. अंदाजानं कधीच लिहायचा नाही. माझ्या जबानीतही एक ओळ कोरी होती. ती मी तोंडातल्या तोंडात बोलले होते.

मी डोळे दाखवायला परभणीला निघाले तेव्हा हेडफोन विकत घ्यायला तोही सोबत होता. दुकानात हेडफोन ऐकून बघायला दुकानदारानं सिनेमाचं गाणं लावलं.

"गाणं नको," म्हणत टायपिस्टनं खिशातून माझी कॅसेट काढली. "ह्या मावशीला दात न्हाईत. हिचं बोलणं कळंल असा द्या."

"मावशी रेडिओवर गायलीय का?" दुकानदार हसला.

"तू माल दाखव," मी म्हणाले.

तीन हेडफोन त्यानं कानाला लावून परत केले. चौथा दिसायला ओबडधोबड. तो लावला आणि त्याचं तोंड उतरलं. टेप बंद करून त्यानं मला बाहेर पायरीवर नेलं.

"मावशी, त्या कोऱ्या ओळीत 'मी सासूला जळत्या घरात सोडून पळाले, शेजाऱ्यांनी तिला काढलं,' असं हाय."

"हाय."

"कोरीच ठेवू का ती ओळ?"

एवढा शब्दाला पक्का माणूस, माझ्यासाठी ऐकलेलं गाळायला निघाला होता.

"लिही, बाबा," मी म्हणाले. "न्हाईतर एवढे हेडफोन कशाला कानाला लावलास?"