बोंबलाचा शेवटचा वाटा

गेल्या शनिवारी सून तळासरीहून मसोलीला आली... माझं सामान बांधायला. रविवारी टेम्पो येणार होता.

आमचे हे वारल्यापासून मुलगा म्हणतोय, आई, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये. मी दर वेळी सांगायचे, "मला काय, इथे काय नि तिथे काय, दोन्ही सारखंच." खोटं नव्हतं ते. निवड करायलाही अंगात ताकद लागते...

सून नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए. करतेय. अर्थशास्त्राचा पेपर तोंडावर आलाय. माझी शाळा सातवीत सुटली, पण हाती पडेल ते वाचते, म्हणून तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. "आई, माझं पाठ झालंय का बघा."

धडा होता समवृत्ती वक्र. दोन वस्तूंच्या वेगवेगळ्या जोड्या, पण समाधान सारखंच... अशा जोड्यांचे ठिपके जोडले की ती रेघ. वाचून वाटलं, हा तर माझाच धडा.

"चला, ग्राहक तुम्ही," ती म्हणाली. "वस्तू दोन. चिकू आणि सुके बोंबील."

बाजारात मिळतात तसे बोंबलाचे वाटे तिने कागदावर मांडले. एकेक वाटा काढून घ्यायची आणि विचारायची, बदल्यात किती चिकू दिले की समाधान तेवढंच राहील? मी म्हटलं, दोन दे. पुढच्यालाही दोन. त्याच्या पुढच्यालाही दोनच.

"अहो आई, असं नसतं! वस्तू कमी होत गेली की माणूस तिच्या बदल्यात जास्त मागतो. म्हणून तर रेघ वाकते. तुमची सरळच चाललीये... तुमच्यामुळे मी नापास होणार."

"मग दुसरी सासू शोध."

"आता हा शेवटचा वाटा. घेऊ? दोन चिकू?"

"नाही."

"चार? डझनभर? बरं, अख्खी करंडी?"

"गंजाडची अख्खी चिकूवाडी नावावर केलीस तरी नाही."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

रविवारी सकाळी हे स्वतः गॅसवर बोंबील भाजायचे. हातात चिमटा, घरभर वास, आणि मी ओरडतेय खिडक्या उघडा म्हणून... हे गेल्यावरही मी रविवारी एखाददुसरा भाजते. खाण्यासाठी कमी, वासासाठी जास्त.

तळासरीच्या बिल्डिंगमध्ये शेजारी सगळे शाकाहारी. माणसं चांगली आहेत, पण तिथे बोंबील भाजता येणार नाही. हे मला माहीत होतं... फक्त कधी बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा. आता सुनेला सांगितलं.

सुनेने पेन्सिल खाली ठेवली. "आई, टेम्पोचं काय करायचं?"

मी म्हटलं, "वस्तू बदल. एक तळासरी, एक मसोली."

मग आम्ही दोघींनी दिवस मांडले. सगळेच दिवस इथे, तर नातीची आठवण छळते. सगळेच तिथे, तर... शेवटी जमलं. सोमवार ते शुक्रवार त्यांच्याकडे, शनिवार-रविवार माझ्या घरी.

मुलगा फोनवर वैतागला. "महिनाभर विचारतोय मी! दोन्ही सारखंच म्हणत होतीस ना?"

सुनेने फोन माझ्या हातातून घेतला. "अहो, तुम्ही शेवटच्या वाट्यापर्यंत विचारलंच नव्हतं."

टेम्पो आला नाही. रविवारी मी बोंबील भाजले, आणि या वेळी खिडक्या उघडायला सून धावली.

थकवा आहेच, तो कुठे जात नाही. दुःखात सगळं सारखंच वाटायला लागतं... पण आत कुठेतरी एक वाटा असतो, जो आपण कशाच्याही बदल्यात देणार नसतो. तिथपर्यंत विचारत येणारं माणूस माझ्या घरात आहे. एवढं समाधान पुरे.